धाकटे वस्तरा पाजळतात

धाकट्यांना सगळे धाकटे म्हणतात, म्हणून ते लहान आहेत असं कुणी समजू नये. त्यांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या आहेत, डोक्यावरच्या केसांनी तर पांढरं होण्याचीही वाट न बघता निरोप घेतला, आणि ऑफिसात हाताखालची माणसं आपल्याला टरकून असतात असं ते निदान घरी तरी सांगतात. पण इमारतीत त्यांच्या वडिलांना थोरले म्हणायची रीत पडली, आणि एकदा घरात थोरले झाले की उरलेल्या माणसाला धाकटे होण्यावाचून गत्यंतर नसतं. मग तो निवृत्तीला टेकला असला तरी बेहत्तर.

या थोरल्यांकडे एक वस्तरा होता. वस्तरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दुकानात मिळणारं ते प्लॅस्टिकचं, चार दाढ्या करून फेकून द्यायचं काहीतरी आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. हा खरा वस्तरा. काळ्या शिंगाची मूठ, आणि तिच्यात मिटून बसलेलं पातं. मिटलेला असताना अगदी सालस दिसायचा. उघडला की मात्र खोलीतला उजेड सगळा त्याच्याकडे जायचा. पाठीकडे जाड, मग आत खोल होत होत गेलेलं ते पातं धारेपाशी इतकं पातळ व्हायचं की पोलाद कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली हे सांगता येत नसे. धार म्हणून दिसायला तिथं काही नव्हतंच, आणि त्या नसलेल्या गोष्टीचीच सगळ्या घराला भीती.

रोज सकाळी थोरले बोळातल्या आरशासमोर उभे राहायचे, खुंटीला टांगलेला चामडी पट्टा डाव्या हातानं ताणायचे आणि उजव्या हातानं त्याच्यावर वस्तरा फिरवायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. नळ सोडायचा असेल तरी सूनबाई थांबायच्या. धाकटे लहानपणी दाराशी उभे राहून हे बघायचे आणि थोरले आरशातूनच म्हणायचे, लांब उभा राहा. पुढं धाकट्यांचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकायला परगावी गेली, तरी लांब उभं राहण्याचा हुकूम काही मागं घेतला गेला नाही. धाकट्यांच्या हातात पेन्सिलीला टोक काढायचं यंत्रसुद्धा जपून द्यावं, असं थोरल्यांचं मत होतं.

आणि मग थोरल्यांचा हात कापायला लागला.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. त्या दिवशी थोरल्यांनी नेहमीप्रमाणे वस्तरा उघडला, कापणाऱ्या हाताकडे बराच वेळ बघितलं, वस्तरा मिटून फळीवर ठेवला आणि ते मागच्या खोलीत जाऊन पडले. ते पडले ते पडलेच. दाढी वाढली. पांढरी, खुरटी, एका गालावर दाट आणि एका गालावर विरळ. असलं तोंड घेऊन मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. बागेतले सोबती चौकशीला आले की आतून निरोप यायचा, झोपलेत म्हणावं. अंथरुणात पडून पडून पाय इतके कमजोर झाले की मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी धाकट्यांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की यांना रोज चालवा, माणसांत बसवा, नाहीतर हे कायमचं अंथरूण धरतील आणि मग मला बोलावून उपयोग नाही. म्हणजे प्रश्न दाढीचा दिसत असला तरी खरा पायांचा होता, आणि दोन्हींच्या मधे तो वस्तरा आडवा पडला होता.

पहिला उपाय सोपा होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावलं. थोरल्यांनी त्याला पाटावर नव्हे तर खुर्चीवर बसवलं, त्याचं हत्यार बघायला मागितलं, आणि त्या पकडीत अडकवलेलं अर्धं ब्लेड बघून त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून आली ती धाकट्यांनी स्वतःच्या परीक्षेच्या निकालानंतर पुन्हा कधी पाहिली नव्हती. थोरल्यांनी त्याला मुलाबाळांचं विचारलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. जाताजाता न्हाव्याची नजर फळीवरच्या वस्तऱ्याकडे गेली. त्यानं हात पंचाला पुसले, मगच तो उचलला, उघडला आणि बघतच राहिला. असा आपल्या आजोबांकडे होता म्हणाला. तुम्हाला पाजळता येतो का, असं धाकट्यांनी आशेनं विचारलं, तर त्यानं मान हलवली. आजोबांच्या मागं त्याच्या दुकानात कातड्याला पोलाद लागलंच नव्हतं. त्यानं वस्तरा दोन्ही हातांनी परत ठेवला आणि तो पाय न वाजवता गेला.

दुसरा उपाय बाईंनी केला. बाई म्हणजे धाकट्यांची बायको. थोरले त्यांना सूनबाई म्हणत आणि धाकटे अडचणीत असले की अहो. त्यांनी विजेवर चालणारं यंत्र आणलं. त्याची गुणगुण ऐकून थोरल्यांनी आतून विचारलं, घरात भुंगा कुणी सोडला. यंत्र परत डब्यात गेलं.

तेव्हा धाकट्यांच्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, मी करतो."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कळेना की हे बोललं कोण. थोरल्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "एक केस घे. एका टोकाला धर आणि धारेवर नुसता टेकव. ओढायचा नाही. आपोआप तुटला की ये. मान देईन." एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. पण पाजळायचा कसा ते सांगा की, असं धाकटे म्हणाले. त्यावर भिंतीकडूनच उत्तर आलं, जन्मभर बघत आलास ना.

बघत आले होते हे खरंच होतं. फक्त काय बघितलं ते आता आठवेना. आठवत होता तो थोरल्यांचा आरशातला चेहरा, आणि आवाज. सप, सप, सप. हात कसा फिरायचा, कुठून कुठे जायचा, याचं चित्र डोक्यात अजिबात नव्हतं. पण धाकटे पदवीधर होते. एवढ्या मोठ्या खात्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला एका पट्ट्यावर एक पातं फिरवता येऊ नये, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी खुंटीवरचा पट्टा ताणला, पावाला लोणी फासावं तसा वस्तरा धार पुढे करून सरळ दामटला, आणि हाताला काहीच जाणवलं नाही. ती थक्क करणारी गोष्ट. काहीही अडलं नाही, खरखरलं नाही, फक्त पट्ट्याचा एक पापुद्रा जिभेसारखा बाहेर आला आणि लोंबायला लागला.

पट्टा धाकट्यांपेक्षा वयानं मोठा होता. थोरल्यांनी तळहातानं चोळून चोळून त्याला असा काळाभोर केला होता की त्यात अंधूक तोंड दिसावं. धाकट्यांनी पट्टा गुंडाळून ट्रंकेमागं दडवला आणि खुंटीकडे बघणंच सोडलं.

मग त्यांनी स्वतःच्या कमरेचा पट्टा वापरायचं ठरवलं. खुंटीला तो पुरेना, म्हणून तो खिडकीच्या कडीला बांधला आणि ताणला. कडी आली. तिच्याबरोबर भिंतीचा ओंजळभर गिलावा आला. मग स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मुठीला बांधला, तर कपाटाचं दार बिजागरीसकट आलं आणि डबे घरंगळत थेट थोरल्यांच्या खोलीपर्यंत गेले. आतून काही आवाज आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत कमरेचा पट्टा तिथंच राहिला आणि धाकट्यांना ऑफिसात दिवसभर एका हातानं फाइल पोटाशी धरून वावरावं लागलं. कामात किती गढून गेलेत, असं साहेब कौतुकानं म्हणाले.

एवढ्या खटाटोपाची खबर इमारतीला लागू नये हे शक्य नव्हतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबतपासनीस राहत. लोकांच्या चुका काढण्यात उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतर चुका संपल्या म्हणून ते शेजाऱ्यांकडे वळले होते. त्यांनी सांगितलं की आधी वस्तऱ्याला तेल पाजा. खालचा शिंपी म्हणाला, तेल मुळीच नको, मी कात्री बोथटली की काचकागद कापतो, तुम्ही वस्तऱ्यानं काचकागद कापा. हिशेबतपासनीसांच्या सौभाग्यवतींनी जाड हातमोजे घालायला सांगितले. सगळ्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं, की जोर लावला पाहिजे. इतका जुना वस्तरा हलक्या हाताला दाद देणार नाही म्हणे. धाकट्यांनी काचकागद वगळता सगळ्यांचा थोडाथोडा सल्ला मानला, आणि सल्ल्यांचं असं आहे की ते थोडेथोडे मानले की सगळे मिळून एकदम बाधतात.

नवा पट्टा करून घ्यायला धाकटे चांभाराकडे गेले. एका अंगाला चामडं, दुसऱ्या अंगाला जाड कापड, वर कडी, खाली धरायला मूठ, असा तो बनवायचा होता. चांभारानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, कुणाला मारायचंय. धाकटे हसले आणि म्हणाले, घरच्याच एकासाठी आहे. ते हसताहेत हे चांभारानं बघितलं, पण शेजारी चपलेचा अंगठा शिवून घेत उभ्या असलेल्या हिशेबतपासनीसांची त्यांच्याकडे पाठ होती.

त्या संध्याकाळपासून धाकट्यांनी नेट लावला. लहानपणीचा आवाज तेवढा पक्का आठवत होता, म्हणून त्यांनी तो आवाज काढण्याचाच चंग बांधला. एव्हाना धार मागं ठेवायची हे जुन्या पट्ट्यानं शिकवलंच होतं. आता सप असा आवाज यायचा तर वस्तरा आपटायला हवा, आणि जास्त धार हवी तर जास्त आपटायला हवा, हा त्यांचा हिशेब. फाट. फाट. फाट. रोज ऑफिसातून आल्यावर जेवणापर्यंत, शिवाय सकाळी, शिवाय सुट्टीच्या दिवशी मनाला वाटेल तेव्हा. मधूनमधून ते "होत कसं नाही बघतो" असं दातओठ खाऊन पुटपुटत. आता भिंतीपलीकडून नुसतं ऐकणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरात एक आजारी म्हातारा आहे, तो कुणाला दिसत नाही, आणि संध्याकाळ झाली की चामडी पट्ट्याचे फटके ऐकू येतात.

एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर हिशेबतपासनीस, त्यांच्या मागं सौभाग्यवती, शिंपी आणि जिन्यात जागा मिळेल तसे बाकीचे. हिशेबतपासनीसांनी घसा साफ करून सांगितलं की इतकी वर्षं आपण शेजारी आहोत, कुणाच्या घरात नाक खुपसायची आपली पद्धत नाही, पण आईबापांवर हात उचलणं कायद्यातही बसत नाही. धाकट्यांच्या एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात उघडा वस्तरा होता, त्यामुळे त्यांच्या खुलाशाला म्हणावं तसं वजन येईना. शेवटी हिशेबतपासनीसांनी मागच्या खोलीच्या बंद दारावर हलकेच टकटक केली आणि मायेनं विचारलं, थोरले, ठीक आहात ना.

आतून थकलेला आवाज आला, "सहन करतोय."

जिन्यात हळहळ पसरली. बाईंनी पदराआड तोंड लपवलं. त्या रडताहेत असं बाहेरच्यांनी घेतलं. सगळ्यांची समजूत काढून त्यांना वाटेला लावेपर्यंत धाकट्यांच्या अब्रूचे बारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात शिंप्याच्या आईनं त्यांना बघून नातवाला आत ओढलं. धाकट्यांनी तेव्हाच ठरवलं, की आता घरात पट्ट्याचा आवाज नको. सराव ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, जुन्या फायलींच्या खोलीत.

ऑफिसच्या फाटकावर पिशव्या तपासतात. धाकट्यांची पिशवी आजवर कुणी तपासली नव्हती, कारण तिच्यात काही असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नेमकी त्या दिवशी तपासली. पहारेकऱ्यानं वस्तरा बाहेर काढला, उघडला, आणि तोही न्हाव्यासारखाच बघत राहिला. मग त्यानं भानावर येऊन नियम सांगितला, धारदार वस्तू आत नेता येत नाही. धाकटे म्हणाले, याला धार नाही. पहारेकरी म्हणाला, ते मी कसं ठरवणार. त्यानं आस्थापनेच्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, हा विषय भांडाराकडे जातो. भांडाराचे साहेब आले, त्यांनी वस्तरा उलटासुलटा केला आणि विचारलं की नियमात धारदार म्हणजे किती धारदार हे दिलंय का. दिलेलं नव्हतं. तोवर फाटकाशी निम्मं ऑफिस गोळा झालं होतं, त्यांत धाकट्यांना टरकून असणारी माणसंही होती. अखेर सर्वानुमते असं ठरलं की प्रयोग करून बघावा.

प्रथम लखोटा घेतला. तो कापला गेला नाही, चुरगळला. मग सुतळी घेतली. ती हलली नाही. मग पहारेकऱ्यानं मनाचा हिय्या करून स्वतःची केसाळ मनगटं पुढे केली, भांडाराच्या साहेबांनी श्वास रोखून वस्तरा फिरवला, आणि मनगटावरचे केस वाऱ्यानं गवत लवावं तसे लवून पुन्हा उभे राहिले. कुणीतरी हसलं. साहेबांनी वस्तरा मिटून धाकट्यांच्या हाती दिला आणि सांगितलं, न्या आत, याच्यापासून कुणालाही धोका नाही. अडवलं असतं, चौकशी लावली असती, तरी धाकट्यांनी मान ताठ ठेवली असती. पण या परवानगीनं ते पार खचले. जुन्या फायलींच्या खोलीत ते बसून राहिले आणि पट्ट्याला त्यांनी हातही लावला नाही.

घरी आल्यावर ते तडक मागच्या खोलीत गेले आणि थोरल्यांच्या खाटेच्या कडेला बसले. मग एकदम सगळं बाहेर आलं. लखोटा, सुतळी, पहारेकऱ्याची मनगटं, सगळं. "अप्पा, मी तुमच्या वस्तऱ्याची धार घालवली," ते म्हणाले. "आता सरकारी खात्यानंही तसं ठरवलंय."

खाट हलायला लागली. धाकटे घाबरले, त्यांना वाटलं अप्पांना काही झालं. थोरले भिंतीकडे तोंड करून हसत होते. हात कापू लागल्यापासून या घरात ते हसलेले कुणी ऐकले नव्हते. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारातच थांबल्या. हसून हसून थोरल्यांना ठसका लागला, मग ते या अंगाला वळले, डोळे पुसले आणि म्हणाले, माझा पट्टा आण.

धाकट्यांनी ट्रंकेमागून पट्टा काढला. लोंबणारी जीभ बघून थोरल्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण ते रागावले नाहीत. त्यांनी त्या कापावरून कापरं बोट फिरवलं, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. मग सांगितलं की धार पुढे घातलीस, मनगट वर उचललंस आणि दात चावत होतास. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कातड्याच्या एका चिरेवरून एवढं कळत असेल, तर आजवर आपल्या आणखी काय काय गोष्टी यांना कळल्या असतील, असा विचार धाकट्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनी तो घाईनं परतवला.

"आधीच का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. धाकट्यांची ती हिंमत नव्हती.

थोरले पट्ट्याकडे बघत म्हणाले, "शिकवलं की माझं संपलं, असं वाटलं." मग पट्टा बाजूला ठेवत म्हणाले, "पण तो आवाज काही सोसवेना."

त्यांनी कपाटातून एका लाकडी डबीत ठेवलेला गुळगुळीत, करडा दगड काढायला लावला. बोथटलेला वस्तरा आधी दगडावर घ्यायला हवा होता. नुसत्या पट्ट्यानं गेलेली धार परत येत नाही, असलेली जागी होते. दगड ओला करायचा, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवायच्या आणि धार पुढे करून हलकेच न्यायचा. दगडावर धार पुढे आणि कातड्यावर पाठ पुढे. एवढ्या एका वाक्यासाठी घरातली एक कडी, एक कपाट आणि धाकट्यांची अब्रू खर्ची पडली होती.

शिकवणी मोठी अजब चालली. थोरले खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते, पट्ट्याची खुंटी बोळात होती, आणि खाटेवरून बोळ दिसत नव्हता. तेव्हा धाकटे नवा पट्टा घेऊन बोळात उभे राहत, थोरले आत डोळे मिटून पडत आणि नुसतं ऐकून सांगत. पाठ टेकव. दाबू नकोस, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे आहे. वळवताना पाठीवर वळव, धार कातड्याला लागता कामा नये. पट्टा सैल सोडलास. आता पात्याची मुठीकडची टाच उचलली गेली. एकदा धाकट्यांचं मन क्षणभर ऑफिसातल्या साहेबांकडे गेलं, तर आतून आवाज आला, कुठं गेलास. आवाजावरून मन कुठं गेलं हेही कळत असेल तर माणसानं करायचं काय?

आणि केव्हा, हेही सांगून झालं. दाढीच्या आधी पाजळायचा, नंतर नाही. दाढी झाली की कोरडा करून मिटायचा आणि धारेला पडू द्यायचं. ऊठसूट पाजळणाऱ्याच्या हाती बोथट पाठच उरते. आधी कापडाच्या अंगावर, मग चामड्याच्या. धाकट्यांनी दोन दोन वेळा, सुट्टीला चार चार वेळा पाजळून जी मेहनत घेतली होती, ती एकूण एक उलट्या दिशेची होती. जसजसा हात हलका होत गेला तसतसा आवाज विरत गेला. आपटण्याचा फाटकन आवाज जाऊन कुजबुजीसारखं काहीतरी उरलं, जातानाचं आणि येतानाचं सारखंच. वर हिशेबतपासनीसांना आता काही ऐकू येईना, म्हणून ते जास्तच काळजीत पडले.

एका रविवारी सकाळी आतून काही सूचनाच आली नाही. धाकटे पट्ट्यावर वस्तरा फिरवत राहिले, थांबले, पुन्हा फिरवला. तरी शांत. मग थोरले म्हणाले, केस बघ.

आता धाकट्यांना केस आणायचा कुठून हा प्रश्न पडला. बाईंनी अंबाड्यातून एक लांब केस उपसला आणि टोकाला धरून पुढे केला. धाकट्यांनी वस्तरा धार वर करून आडवा धरला. केस खाली आला, धारेला टेकला, आणि अर्धा केस जमिनीकडे निघाला. त्याला कुणी ओढलं नव्हतं, कशाचा आवाज झाला नव्हता, बाईंच्या चिमटीला काही जाणवलं नव्हतं. एक केस होता, त्याचे दोन झाले. दोघं त्या तरंगत उतरणाऱ्या तुकड्याकडे बघत राहिली. बाईंनी दुसरा केस उपसला. तोही तसाच गेला. लग्नानंतर इतक्या वर्षांत आपल्या नवऱ्याच्या हातून असं काही घडेल अशी त्यांनी अपेक्षा ठेवली नव्हती, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. धाकट्यांचे डोळे भरून आले. आपल्या हातात काय आहे, आणि ते आपणच केलं आहे, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एका वेळी मावेनात.

"तुटला?" आतून विचारणा झाली.

"तुटला, अप्पा."

भिंत धरून धरून थोरले बाहेर आले. कितीतरी दिवसांनी ते उजेडात आले होते. खिडकीपाशी खुर्ची मांडली, गळ्यात पंचा बांधला, बाईंनी गरम पाण्यानं दाढी भिजवली आणि साबणाचा फेस चढवला. कसं धरायचं ते दाखवायला न्हाव्याला बोलावलं होतं. तो आला तो हात जोडून भिंतीला टेकून उभा राहिला. थोरल्यांनी कबूल केल्याप्रमाणे मान मागं टाकली आणि डोळे मिटले. सुरकुतलेला, पातळ कातडीचा तो गळा, त्यात उडणारी एक शीर. आतापर्यंत धाकट्यांनी धारेचा विचार केला होता. ती धार ज्याच्यावर चालवायची त्याचा केला नव्हता. त्यांची पाचावर धारण बसली. न्हाव्यानं खुणेनं सांगितलं, कातडी ताणा, वस्तरा निजवा. धाकट्यांनी देवाचं नाव घेतलं आणि कानशिलापासून पहिला हात खाली आणला.

काही झालं नाही. म्हणजे रक्त आलं नाही, थोरले कळवळले नाहीत. फेसाबरोबर दाढी निघून आली आणि खाली त्यांच्या ओळखीचा गाल दिसला. दुसरा हात. तिसरा. एक बाजू झाली. थोरले काही बोलेनात; दाबू नको म्हणेनात, टाच उचलली म्हणेनात. धाकट्यांना कानांत गच्च भरलेल्या त्या सूचनांची इतकी सवय झाली होती की या गप्पपणानं त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी हनुवटीखाली आल्यावर त्यांनी वस्तरा गळ्याशी टेकवला, आणि त्यांना खालून एक घरघर ऐकू आली.

त्यांचा हात जागच्या जागी थिजला. घरघर थांबली, आणि पुन्हा आली. या वेळी शेवटी बारीक शीळही होती. बाईंनी वाकून बघितलं. न्हावी पुढे झाला. थोरले घोरत होते. जन्मभर ज्यानं या पोराला वस्तऱ्यापासून लांब उभं केलं, तो माणूस त्याच पोराच्या हातातल्या उघड्या वस्तऱ्याखाली गळा टाकून, तोंड थोडंसं उघडं ठेवून, गाढ झोपला होता.

बाईंनी डोळ्यांनीच विचारलं, उठवायचं का. धाकट्यांनी नको अशी मान हलवली. घोरण्याबरोबर गळा वर येत होता आणि खाली जात होता. धाकट्यांनी मोकळ्या हातानं डोळे पुसले, कारण फेस आणि गळा यांतला फरक दिसेनासा झाला होता. दोन घोरण्यांच्या मधे गळा जरा वेळ अगदी स्थिर राहत होता. तेवढ्यात ते एक हात फिरवत आणि थांबत. पुन्हा घरघर होई, पुन्हा स्थिर होई, पुन्हा एक हात. न्हावी श्वास रोखून बघत होता. खिडकीबाहेरच्या जिन्यातून हिशेबतपासनीस डोकावले, त्यांनी उघडा वस्तरा आणि मागं टाकलेली मान बघितली, ओरडण्यासाठी तोंड उघडलं, घोरणं ऐकलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून ते उभे राहिले.

मधेच थोरल्यांना किंचित जाग आली. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "झालं?"

"अर्धं राहिलंय, अप्पा," धाकटे कसेबसे म्हणाले.

"मग कर की," थोरले म्हणाले आणि पुन्हा झोपले.